बसल्याचा आवाज

म्हाताऱ्याने कारागिराचं हातोडी धरलेलं मनगट पकडलं आणि त्याला बाथरूमच्या भिंतीपासून मागे ओढलं.

“दांडा कसला लावतोस? हे फास्टनर बसलेत कुठे?”

“बसलेत काका. चारही बसलेत.”

“एकही बसलेला नाही.”

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्याच्या बायकोला उठताना धरायला दांडा हवा, म्हणून मुलाने हा कारागीर परस्पर पाठवला होता. जन्मभर भिंतींत फास्टनर ठोकलेला बाप घरात बसलेला असताना, परस्पर. बापाचा खांदा वर जात नाही हे खरं, पण नुसतं विचारायला काय झालं होतं? तेही म्हाताऱ्याने गिळलं असतं. पण निदान काम तरी चोख हवं ना. काँक्रीटला भोक पाडायचं, त्यात लोखंडी नळी सरकवायची, नळीत पंचाची लोखंडी कांब धरून ठोकत राहायचं. आतली पाचर खाली गेली की नळी फाकते आणि भिंतीला धरते. तोवर आवाज बद्द येतो. बसली, की शेवटचा ठोका खणखणीत वाजतो. तो वाजल्याशिवाय म्हाताऱ्याने कधी बोल्टला हात लावला नव्हता. आज तो दाराबाहेर स्टुलावर बसून कान देऊन ऐकत होता. बद्द, बद्द, बद्द, की लगेच पुढचं भोक. चारही वेळा तेच. दिवसाढवळ्या फसवणूक चालली होती.

“हिचा सगळा भार यावर येणार. दांडा उपटून हातात आला तर हिला उचलायला तू येणार आहेस?”

“अहो, हळू बोला. शेजारी ऐकतील.” बायको वॉकर धरून दारात आली होती.

“ऐकू देत. त्यांच्याकडेही जाईल हा उद्या.”

कारागिराने पंच पहिल्या नळीत घातला. पंचाची कड नळीच्या तोंडाला अशी टेकली की मधे नखही गेलं नसतं.

“बघा काका. पूर्ण खाली गेलाय.”

“मला दाखवू नकोस. मी डोळ्यांनी नाही, कानांनी बसवत आलो. मार माझ्यासमोर.”

कारागिराने हातोडी उचलली आणि सगळा राग त्या एका ठोक्यात घातला.

बद्द.

घे, ऐक, अशा तोऱ्यात म्हातारा बायकोकडे वळला. तिने डोळे गच्च मिटले होते आणि वॉकरवरचा एक हात कानावर ठेवला होता.

“केवढं कर्कश वाजतं हो,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याची नजर तिच्या कानावरच्या हातावर अडली.

“पुन्हा मार,” तो म्हणाला.

या वेळी त्याने भिंतीकडे पाहिलंच नाही. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ठोका पडताच ती पुन्हा दचकली. राग अजून होता तेवढाच होता, पण तो कुणावर काढायचा हे त्याला समजेना.

“अजून मारू का, काका?”

म्हाताऱ्याने नळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

“नको,” तो म्हणाला. “आता बसला.”