कमळीच्या खडकाची लाईन

नवापूरच्या नामदेवचं म्हणणं असं, की इंग्रज जाताना फार घाईत होता. सगळं सामान गलबतात भरलं आणि 'लाईन' हा एक शब्द किनाऱ्यावर विसरून गेला. मग आपल्या लोकांनी तो भल्यामोठ्या घोळ माशासारखा कापून वाटून घेतला. मुंडकं एकाला, शेपूट दुसऱ्याला, आणि जो तो म्हणतो, खरा मासा माझ्याच टोपलीत.

खोटं वाटत असेल तर नामदेवचंच घर बघा. मुलगा दिपेश औषधांच्या कंपनीत जातो. त्याची लाईन म्हणजे गोळ्यांची पाकिटं वाहून नेणारा पट्टा. बायको वत्सलाची लाईन म्हणजे नळावरची हंडा-कळशांची रांग, आणि त्या रांगेत घुसणाऱ्या बाईची सात पिढ्यांची उजळणी. नामदेवचा जिवलग भगवंत होडी सोडून वीजमंडळात लागला, तेव्हा त्याची लाईन खांबावर चढली. भगवंतची मुलगी तेजल सरावलीला राहते, बोईसरच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडे रोग्याच्या शिरेत सुई घालून सलाईनची नळी जोडली, की लाईन लागली.

नामदेवची लाईन या सगळ्यांहून जुनी. समुद्रावर पाट्या नसतात. तेव्हा किनाऱ्यावरची जवळची एक खूण धरायची आणि तिच्या मागची लांबची एक. होडीतून बघताना दोन्ही एकामागे एक बसल्या, की तुम्ही लाईनवर आलात. नामदेवची जवळची खूण म्हणजे किनाऱ्यावरचा एकटा ताड. संध्याकाळी त्याची सावली बोईसर स्टेशनापर्यंत जायची आणि लोक तिच्यात गाडीची वाट बघत उभे राहायचे, असं नामदेव सांगे. लांबची खूण पालघरचा काळदुर्ग, माथ्यावरच्या चौकोनी दगडासकट. दगड ताडाच्या बरोबर मागे धरून समुद्रात आत जायचं, मधूनमधून दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडायचा. सगळीकडे चिखल. एकाच ठिकाणी खडक.

त्या खडकावर दोघांनी तरुणपणी लांब मिशांची शेवंड पकडली. पुढे भगवंतची बायको कमळी गेली, तेव्हा भगवंतने तिच्या अस्थी तिथंच सोडल्या. सुकाणूवर नामदेव होता. त्यानंतर भगवंत पुन्हा होडीत बसला नाही.

यंदा थंडीत भगवंत दवाखान्यात पडला. हातात लाईन लावली ती तेजलनेच. नामदेव भेटायला गेला, तर भगवंत त्या नळीकडे बघून हसला.

"माझी लाईन पोरगी सांभाळते हाय. तुझी लाईन तू विसरला नाय ना?"

"झोपेत जाईन."

"झोपेत नको. जागा राहून जा. मला कमळीजवळ सोड, दुसरीकडं नाय."

"अरे, डोळे बांधून नेईन तुला!"

आठवड्यात भगवंत गेला. आणि लाल फडक्यात बांधलेलं मडकं मांडीवर घेऊन तेजल नामदेवच्या होडीत येऊन बसली.

आता घोटाळा असा होता, की ताड उरला नव्हता. मागच्या वादळात पडला आणि लोकांनी सरपणाला नेला. हे नामदेवला ठाऊक होतं. पण ताड नसला तरी त्याची जागा डोळ्यांत आहे, अशी त्याची खात्री. शिवाय बाजूला मोबाइलचा टॉवर होताच.

इंजिन दिपेशने धरलं. होडी आत गेली आणि नामदेवने या लाईनसाठी बऱ्याच वर्षांनी वळून किनारा पाहिला. काळदुर्ग जिथल्या तिथं होता, दगड सकाळच्या आभाळावर स्वच्छ. पण खाली? एकाच्या जागी टॉवर तीन. कोणाचा तरी गुलाबी बंगला. त्यामागे कारखान्यांच्या चिमण्या, एकीसारखी दुसरी. रोज ज्या वाळूवरून तो चालत होता, ती समुद्रातून परक्या गावची वाटली.

नामदेवला खूण सापडेना. अशा वेळी त्याचं तोंड सुटतं.

"तेजल, तुझ्या बापाच्या गळाला इथं एकदा एवढी घोळ लागली, की होडीच ओढत डहाणूला नेली तिने. तिथं चहा प्यायला उतरलो आमी."

"आणि घोळ?"

"ती थांबली. मग परत आणून सोडलं."

तेजल हसली, पण तिचे हात मडक्यावरून सुटले नाहीत. नामदेवने गोळा सोडला. दोरी सैल पडली. वर काढला तर गोळ्याच्या तळाला काळा चिखल. त्याने पाठ वळवून तो झटकन धुतला. पुन्हा सोडला, पुन्हा चिखल. ऊन वर चढत होतं.

शेवटी तो म्हणाला, "हीच जागा."

दिपेशने इंजिन बंद केलं. होडी डुलायला लागली. तेजल फडक्याची गाठ सोडायला लागली आणि पाण्याकडे वाकून हळूच म्हणाली, "आई, बाबांना आणलंय गं."

नामदेवने आयुष्यात शेकडो थापा मारल्या होत्या, पण त्या जित्या माणसांना.

"थांब पोरी," तो म्हणाला. "बांध गाठ. इथं नाय ती."

"म्हणजे काका?"

"लाईन सापडत नाय मला. ताड नाय तर मी आंधळा हाय."

मग तेजलने गाठ घट्ट बांधली आणि आपला फोन पुढे केला. "काकीला लावा. ताडाचा बुंधा असेल ना अजून?"

वत्सला बोंबील वाळत घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि आधी नवऱ्याची पूजा बांधली.

"सकाळी इचारलं व्हतं ना मी, की ताडाचं काय करनार? तवा म्हनाला, डोळ्यात हाय!"

"वत्सला, घरी आलो की मार. आता लांब बांबू घे, त्याला तुझं लाल लुगडं बांध नि बुंध्यावर उभी राहा."

"माझं चांगलं लुगडं?"

"नवं घेतो गो!"

"दिपेश, ऐकलंस ना रे?" तिने साक्षीदार करून घेतला.

थोड्या वेळाने गुलाबी बंगल्याच्या पार पलीकडे, नामदेवने शोधलंच नसतं अशा जागी, एक लाल ठिपका हलायला लागला.

"दिसली! पण दगड डावीकडं राहतो हाय. वत्सला, जरा डाव्या हाताला सरक."

"का म्हनून? मी बुंध्यावर हाय. सरकायचं तर तुमी सरका!"

दिपेश फिस्सकन हसला. त्याने इंजिन सुरू केलं आणि होडी सरकली. टॉवर मागे पडले, बंगला मागे पडला. सावकाश, सावकाश काळदुर्गाचा चौकोनी दगड चालत आला आणि लाल लुगड्याच्या बरोबर मागे बसला. तसाच धरून ते आत गेले. नामदेवने गोळा सोडला. चिखल. पुढे पुन्हा सोडला. दोरीतून त्याच्या तळहाताला टणक ठोका लागला.

त्याने दोरी तेजलच्या हातात दिली. तिने स्वतः गोळा उचलून आपटून पाहिला. एकदा, आणि मग उगाच आणखी एकदा. मग तिने गाठ सोडली. राख पाण्यावर क्षणभर पसरली, एकत्र आली आणि खाली गेली. दिपेशने टोपी काढली होती.

फोन चालूच होता. बऱ्याच वेळाने त्यातून आवाज आला, "झालं काय? हात दुखतो माझा. उतरू?"

नामदेव किनाऱ्याकडे बघत होता. लग्न झालं त्या वर्षी होड्या परतताना वत्सला अशीच ताडाखाली उभी असायची, आणि लांबून आधी तिचं लुगडं दिसायचं, मग गाव.

"थांब गो जरा," तो म्हणाला. "आमी येतो परत. तोवर राहा उभी."

"आता कशाला? लाईन गावली ना तुमची?"

"गावली. म्हनून तर."

पलीकडे वत्सला काहीतरी पुटपुटली. पण लाल ठिपका खाली आला नाही. दिपेशने होडी वळवली आणि बापाला न विचारता नाक त्या ठिपक्यावर धरलं.