आधी काय काढायचं

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीत नेत्रा सॉफ्टवेअर लिहायची. कंपनीचं मशीन पट्ट्यावरून जाणारे बिस्किटांचे पुडे मोजायचं. पुड्यांचा साइज बदलला की मोजणी कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा घालावा लागे, आणि तो काढताना कधीकधी सगळं मशीनच गोठायचं.

"केबल बदल," तिचे वरिष्ठ सुयोग सर म्हणाले. नेत्राने तीन केबल बदलल्या. मग सर म्हणाले, "पॉवर सप्लाय बघ." तोही बदलला. आठवडा असाच गेला.

शेवटी वैतागून ती, जिथे ते मशीन बसवलं होतं त्या बदलापूरच्या बिस्किट कारखान्यात गेली. तिथे मशीन चालवणाऱ्या कुमुदिनीताई म्हणाल्या, "अगं, पट्टा थांबवून साइज बदलला ना, तर काही होत नाही. चालू असला की मरतं. दोनदा सांगितलं तुमच्या सरांना."

नेत्राने तिथेच कोड उघडला. ड्रायव्हर निघताना आधी मोजणीची मेमरी सोडून देत होता आणि कार्डाचे सिग्नल त्यानंतर बंद करत होता. मधल्या क्षणात पुडा गेला, की त्याचा सिग्नल आधीच सोडून दिलेल्या मेमरीवर आकडा लिहायला धावायचा, आणि मशीन गोठायचं.

तिने सरांना फोन लावला. तो भाग त्यांनीच लिहिलेला होता.

"शेवटी सगळं बंदच करायचंय ना? आधी काय, नंतर काय, काय फरक पडतो?"

"पडतो सर! घरात माणसं असताना छप्पर काढतोय आपण."

तिने क्रम उलटा केला. चालू पट्ट्यावर साइज बदलून बघताना अकराव्या वेळी मशीन पुन्हा गोठलं. तिने कीबोर्ड ढकलून दिला. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. मग दिसलं: दर सेकंदाला कार्ड तपासणारा एक टायमर होता, तो बंद केलेले सिग्नल पुन्हा सुरू करत होता. म्हणजे पहिल्यांदा टायमर थांबवायचा, मग सिग्नल, मग हातातलं काम संपेपर्यंत थांबायचं, आणि मेमरी अगदी शेवटी.

कुमुदिनीताईंनी चालू पट्ट्यावर साठ वेळा साइज बदलला. मशीन एकदाही अडलं नाही.

ती ऑफिसात परत आल्यावर सरांनी तिचा बदल दोनदा वाचला. मग त्यांनी कंपनीच्या बाकीच्या चार मशीनांचे ड्रायव्हर उघडले.

"चारही मी असेच लिहिलेत," ते हळू आवाजात म्हणाले.

नेत्राला ओरडावंसं वाटलं. खुर्ची ओढून ती म्हणाली, "पहिला उघडा."