ओढण्याआधीच तुटलेला

मी घायपाताचा एक तंतू बोलतोय. खरं तर माझे आता दोन तुकडे आहेत, पण गाऱ्हाणं एकच आहे.

अक्कलकोट रोडला एका शेताच्या बांधावर माझं पान उभं होतं. पानात आम्ही भावंडं इतकी दाटीनं राहायचो, की एकटं असणं म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. पुढं पानं कापली, पाण्यात कुजवली, धुतली, आणि आमच्या वाखाची, म्हणजे सुट्या झालेल्या तंतूंची, पेंडी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आली.

तिथं पद्मजा संशोधन करायची. भवानी पेठेतल्या यंत्रमागवाल्या घरची लेक. तिची भाची चंद्रिका एका पायानं अधू. तिच्यासाठी वाख आणि चिकट राळ एकत्र करून पायाला आधार देणारी हलकी पण टणक पट्टी करायची, हे पद्मजाच्या मनानं घेतलं होतं. त्यासाठी एकेक तंतू कागदाच्या चौकटीवर चिकटवून यंत्रात ओढायचा आणि किती ताणाला तुटतो ते टिपायचं. सगळे सारखे नसतात, म्हणून पुष्कळ तंतू तपासून पेंडीच्या ताकदीचा अंदाज बांधायचा.

माझी पाळी आली. तिनं मला अलगद उचलून सरळ केलं आणि तेवढ्यानंच मी तुटलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मला शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात टाकलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मागावर सूत तुटलं की गाठ मारून पुढं जायचं, हीच तिच्या हाताची सवय. डब्यात माझ्यासारखे आणखीही होते, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

अंदाज झकास आला. तिचे मार्गदर्शक मृत्युंजय सरही खूश झाले. त्या अंदाजावर पट्टी तयार झाली आणि एका दुपारी चंद्रिका ती बांधून उभी राहिली. दोन पावलं टाकली असतील नसतील, कडकन आवाज झाला. डब्यातही ऐकू आला.

"मावशी, मी लई हळू चालले की," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी न्हाय मोडली."

पद्मजानं तिला जवळ घेतलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की पोरीचा काही दोष नाही. त्या पट्टीत माझ्यासारखे कितीतरी होते, आणि मोजणीत एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तंतू तपासायला बसली. एक बोटांतच तुटला. सवयीनं हात डब्याकडे गेला आणि तिथंच थांबला. मग तिनं आम्हाला सगळ्यांना टेबलावर ओतलं. सरांनी विचारलं, जे यंत्रात ओढलेच नाहीत ते मोजणार कसे?

"नेमकं किती ताणाला तुटले ते नाही कळणार, सर," ती म्हणाली. "पण नुसतं उचलण्याच्या ताणालाही टिकले नाहीत, एवढं तर कळतंय की. तेवढंच धरू."

सर खुर्ची ओढून तिच्याबरोबर मोजायला बसले.

अंदाज खाली आला. नवी पट्टी जाड झाली, जडही झाली. चंद्रिका कुरकुरते, पण चालते. त्या पट्टीत माझी भावंडं पानातल्यासारखीच दाटीनं बसली आहेत. मी मात्र नोंदीसाठी एका पुठ्ठ्यावर चिकटपट्टीखाली, प्रयोगशाळेच्या बंद खणात आहे. कधीकधी व्हरांड्यातून चंद्रिकाची पावलं वाजत जातात, तेव्हा फार एकटं वाटतं.

तरी एक मागणं आहे. हातात तुटलेलं काही टाकून द्याल, तेव्हा आधी ते मोजा. त्याच्यासारख्याच कुणावर तरी एखादी पोर उभी राहणार असते.