सराव चालू असताना हल्लेखोराने बोलू नये

आमच्या शाळेचा सुरक्षा सराव पूर्णपणे यशस्वी झाला आणि त्यात माझा डावा हात, दोन बरगड्या आणि समोरचा एक दात कामी आला. यातलं काहीही घडलेलं नाही. अहवालात स्वच्छ लिहिलंय, ‘सरावादरम्यान कोणालाही इजा झाली नाही’, आणि खाली मुख्याध्यापिकांची सही आहे. तेव्हा आपणही काही घडलंच नाही असं धरून चालू. माझा दात जागेवर आहे. मी हसतोय.

तर न घडलेली गोष्ट अशी.

वरून आदेश आला होता. शाळेत कुणी हल्लेखोर घुसला तर कुणी काय करायचं, याचं प्रत्येक शाळेचं स्वतःचं धोरण हवं. नुसतं लिहिलेलं नाही, करून पाहिलेलं हवं. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, आदेश वाचून चष्मा काढला आणि स्टाफरूमभर नजर फिरवली. सगळे एकदम वह्या तपासायला लागले. माझ्या वह्या तपासून झाल्या होत्या. वेळेवर काम करणाऱ्याचं जे होतं ते माझं झालं.

“तुम्ही लिहा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “धोरण नीट चाललं, तर तुमचं कायमचं बघू.”

मी भूगोलाचा हंगामी शिक्षक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला काढतात आणि शाळा उघडली की परत घेतात. फळा पुसायच्या फडक्याचंही तसंच आहे, फक्त फडक्याच्या ते मनाला लागत नाही. माझी सख्खी मोठी बहीण याच शाळेत विज्ञान शिकवते, तिनेच मला इथे चिकटवलं. आईने तिला आयुष्यात एकच काम सांगितलंय: धाकट्याला कायम करून घे. त्यामुळे मोठ्या बाई ‘कायम’ म्हणाल्या तेव्हा ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

धोरण मी मन लावून लिहिलं आणि स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. पहिली शंका खेळाच्या सरांनी काढली. त्यांना सगळी शाळा शिट्टी म्हणते, कारण ती त्यांच्या गळ्यातून निघालेली कुणी पाहिलेली नाही.

“हल्लेखोर म्हणाला की मी पालक आहे, तर?”

“विश्वास ठेवायचा नाही,” मी म्हटलं आणि लिहून घेतलं.

“मी शिक्षक आहे म्हणाला तर?”

“तरी नाही.”

“आणि हा सराव आहे असं म्हणाला तर?”

ताईने कप खाली ठेवला. “तो तर तेच म्हणणार. मी हल्लेखोर असते तर आल्या आल्या पहिलं तेच म्हटलं असतं.”

सगळ्यांनी तिच्याकडे आदराने आणि जरा लांब सरकून पाहिलं. मी कलम तयार केलं: हल्लेखोर ओळखीचा निघाला, रडला, किंवा हा सराव आहे असं म्हणाला, तरी मारणं थांबवू नये; असं म्हणणारा जास्त धोकादायक समजावा; सराव संपल्याची घोषणा फक्त मुख्याध्यापिका माईकवरून करतील. फारच सुंदर कलम झालं होतं. लोकांनी ते पुन्हा वाचायला लावलं. शिट्टीने तर पाठ केलं.

मग मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

“सराव अचानक झाला पाहिजे. फक्त तुम्हाला आणि मला माहीत असेल.”

“आणि हल्लेखोराला?”

“तेच म्हणतेय मी. तुम्हाला.”

“बाई, मला मारतील हो.”

“मारलं नाही तर धोरण चाललं नाही असं होईल,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आणि धोरण चाललं नाही, तर मग...” पुढचं वाक्य त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी ते घरी जाऊन पूर्ण केलं.

ठरलं होतं ते अगदी साधं. मी बाईंच्या खोलीचं दार ढकलून आत घुसायचं, बाईंनी घंटा दाबायची, मी जिन्यापर्यंत पळायचं, दोन-चार गुद्दे खायचे, बाईंनी माईकवरून घोषणा करायची, मग सगळ्यांनी चहा घ्यायचा. मी काळा रेनकोट चढवला, तोंडाला मफलर गुंडाळला आणि हत्यार म्हणून जगाचा नकाशा घेतला. गुंडाळलेला, दोन्हीकडे लाकडी दांडे असलेला. अंगात जरा वीरश्री यावी म्हणून दार ढकलायच्या ऐवजी मी लाथ मारली.

मोठ्या बाई नेमक्या दारामागच्या आरशात केस नीट करत होत्या. घोषणा माईकवरून असली तरी त्यांना व्यवस्थित दिसायचं होतं. कलिंगड फरशीवर पडावं तसा आवाज आला आणि बाई एक शब्दही न बोलता, अत्यंत शिस्तीत, आडव्या झाल्या. कपाळातून रक्त आलं. हा सराव आहे हे जगात दोघांना माहीत होतं. त्यातली एक व्यक्ती आता फरशीवर होती आणि दुसऱ्याच्या तोंडाला मफलर होता.

शिपाईकाका चहा घेऊन आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उकळता चहा ट्रेसकट माझ्या तोंडावर फेकला.

“आई गं! सॉरी काका!” मी ओरडलो.

काकांनी ट्रे उचलून तोही परत मारला आणि घंटा दाबली.

मी बाईंच्या टेबलावरचा माईक धरला. घाबरलेल्या माणसाला सत्य सांगण्याची फार घाई असते. “मुलांनो, शिक्षकांनो, मी भूगोलाचा सर बोलतोय. घाबरू नका. हा सराव आहे.”

सगळी इमारत चिडीचूप झाली. अशी शांतता मला वर्गात कधी मिळाली नव्हती. मग सगळ्या मजल्यांवरून एकदम बाक सरकल्याचे आवाज आले.

व्हरांड्यात पाचवी ब उभी होती. धोरण त्यांना मीच शिकवलं होतं, गृहपाठही दिला होता. महासागरांची नावं महिनोन्‌महिने तोंडपाठ न झालेल्या त्या पोरांना माझं धोरण काना-मात्रेसकट येत होतं. “नडग्या! लहानांनी नडग्या!” दोन वेण्यांवाली मॉनिटर किंचाळली आणि सगळा वर्ग गुडघ्याखाली तुटून पडला. कुणी बुटाने, कुणी डब्याने, एकाने कर्कटक मांडीत खुपसून गोल फिरवलं. बहुधा त्रिज्या घेतली. मी नकाशा ढालीसारखा धरला. त्यांनी तो फाडला. अख्खं आफ्रिका खंड एका मुलीच्या दातांत राहिलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. खेळाचे सर डंबेल घेऊन आले होते.

“सर, मी आहे! मी!”

“असंच म्हणतात ते!” शिट्टी गरजले आणि बरगडीत पहिला डंबेल बसला. प्रत्येक फटक्याआधी ते शिट्टी फुंकत होते, कारण फुंकल्याशिवाय त्यांचा हात उठत नाही. त्यामुळे फटका कधी येणार ते मला कळायचं. त्याने काही फरक पडत नव्हता. तिसऱ्या शिट्टीला दात गेला आणि मफलरही गेला. माझं तोंड लख्ख उघडं पडलं. सरांनी ते नीट न्याहाळलं, ‘ओळखीचा निघाला तरी’ असं पुटपुटले आणि चौथी शिट्टी फुंकली.

मी रांगत, जीव मुठीत घेऊन प्रयोगशाळेत शिरलो. तिथे आपलं माणूस होतं. ताईने सगळा वर्ग टेबलांमागे बसवला होता आणि स्वतः लोखंडी स्टँड घेऊन दारात उभी होती.

“ताई, मी आहे.”

“दिसतंय.”

“ताई, सराव आहे गं.”

“तेही कळलंय. तुझं ओरडणं इथपर्यंत आलं. सॉरी काका म्हणणारा हल्लेखोर आपल्या घराण्याबाहेर कुठला असणार?”

“मग खाली ठेव ना ते.”

“पोरं बघतायत मागून,” ती दातांतल्या दातांत म्हणाली. “आणि कायम व्हायचंय ना तुला? मग कलम चाललं पाहिजे. माझ्या वर्गात येऊन अडलं, तर उद्या म्हणतील भावाला सोडला, धोरण कुचकामी. हात पुढे कर. डावा. उजव्याने फळ्यावर लिहायचंय तुला.”

“आईला काय सांगशील?”

“कायम झाला म्हणून सांगेन.”

तिचे डोळे भरले होते. नेम मात्र अजिबात चुकला नाही. खडू मोडावा तसा हात मोडला. मी कोलमडलो, तर तिने पाठीत आणखी एक घातला.

“हा कशाला?” मी विचारलं.

“हा माझा,” ताई नाक ओढत म्हणाली. “इतकी वर्षं राहिला होता.”

शिट्टीने मला उड्या मारायच्या दोऱ्यांनी बांधलं. हल्लेखोर पाडल्यावर लगेच हजेरी घ्यायची, हेही मीच लिहिलं होतं. कुठे बसून घ्यायची ते लिहायचं राहून गेलं होतं. पाचवी ब माझ्यावर बसली. प्रत्येक जण ‘हजर’ म्हणताना जागच्या जागी उसळत होता. एक जण कमी भरला, म्हणून हजेरी पहिल्यापासून घेतली. तो माझ्याखालीच सापडला.

पायांच्या गर्दीतून मला दारात मोठ्या बाई दिसल्या. शुद्धीवर. कपाळाला बर्फ लावून, भिंतीला टेकून, नाटकाला आल्यासारख्या उभ्या होत्या.

“बाई! माईक! घोषणा!”

“इतकं छान चाललंय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. “मध्येच कशाला थांबवायचं? शेवटचं कलम राहिलंय ना अजून.”

शेवटचं कलम कोणतं ते मला आठवेना. शिट्टीने खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं, “बांधल्यानंतरही हल्लेखोर बोलत राहिल्यास...”

मी तोंड मिटलं. पण बोलून झालं होतं.

हॉस्पिटलात ताई आली तेव्हा तिने आधी माझी उशी नीट केली, मग पाणी दिलं, मग चादर ओढली. बातमी वाईट असली की तिला फार कामं सुचतात.

“धोरण मंजूर झालं,” ती म्हणाली. “कायमस्वरूपी. शेजारच्या शाळांनीही मागून नेलं. फार नाव झालं बघ.”

“आणि मी?”

“बाईंना टाके पडलेत रे. आणि कलम आहे ना, कर्मचाऱ्यावर हात उचलणाऱ्याला या शाळेत नोकरी मिळणार नाही.”

“मी हात कुठे उचलला? पाय उचलला. तोही दारावर.”

“सांगितलं मी. म्हणाल्या, पुढच्या वेळी पायही घालू कलमात.” तिने चादर पुन्हा ओढली. “पण एकदम वाऱ्यावर सोडलेलं नाही हं तुला. आता दर सत्रात सराव व्हायचाय. हल्लेखोर बाहेरचा असला तर जास्त खरा वाटतो, असं ठरलं बैठकीत. तू आता बाहेरचाच आहेस. मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी.”

“ताई!”

“आभार नको मानूस. आईला अजून काही बोलले नाहीये मी.”

उजवा हात तिने खरंच शाबूत ठेवला होता. त्याच हाताने मी अर्ज लिहिला, आणि तो ताईबरोबरच शाळेत पाठवला.

‘मा. मुख्याध्यापिका यांस सविनय सादर. पुढील सत्राच्या सरावासाठी मी हाड जुळताच उपलब्ध आहे. तथापि हल्लेखोर म्हणून नव्हे. वयाची अट शिथिल करून मला कोणत्याही इयत्तेत विद्यार्थी म्हणून प्रवेश द्यावा व बाक दारापासून शक्य तितका लांब मिळावा. भूगोल येतो. हल्लेखोराच्या रिकाम्या होणाऱ्या जागी आपली स्वतःची, कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी आणि घोषणेचा माईक माझ्या ताब्यात देण्यात यावा, ही नम्र विनंती.’