खुरमालूचा जामीन

कामियार माझ्या रोपवाटिकेत आला तेव्हा त्याला सगळं एकदम हवं होतं. फायबरचा तयार हौद, पंप, कमळाचे कंद, लाल मासे आणि भिंतीलगत लावायला जाई.

"शुक्रवारी सकाळी घरी पोचवा, उस्ता," तो म्हणाला. "जुना हौद त्या खुरमालूच्या मुळांनी फोडलाय. झाड काढतोय, नवा हौद त्याच जागी बसेल."

नारिंगी, टोमॅटोएवढ्या गोड फळाचं ते झाड त्याच्या वडिलांनी लावलं होतं, रोप माझ्याकडूनच नेलं होतं. वडील गेल्यापासून झाडाला एक फळ लागलं नव्हतं. मी मालाची यादी लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, फख्रीखानूम, आली. कुंड्या बघायचं नाटकसुद्धा तिने केलं नाही.

"शुक्रवारी तो कुऱ्हाड उचलेल. मी त्याला आधी रीत करायला लावीन. तुम्ही जामीन राहा."

ही रीत शिराझमध्ये पोराटोरांना ठाऊक आहे. वसंताच्या तोंडावर वांझ झाडापुढे घरच्याने उलटी कुऱ्हाड उगारायची, तोडतो म्हणून दम द्यायचा. बाहेरच्या माणसाने त्याचा हात धरून म्हणायचं, नको, मी जामीन, यंदा फळ देईल. मग वर्षभर झाडाला कुणी धक्का लावत नाही. एरवी लोक यावर हसतात आणि चहा पिऊन घरी जातात.

"शेजारचं कुणी नाही का?"

"शेजाऱ्यांना तो भीक घालत नाही. तुमचा माल अंगणात उतरणार आहे. तुमचं ऐकेल."

मी हो म्हटलं.

शुक्रवारी हौद अंगणात उतरवला, हवा भरलेल्या पिशव्यांतले मासे सावलीत ठेवले. जागा मापायला झाडाशी वाकलो आणि तसाच राहिलो. गुडघ्याएवढ्या उंचीवर कलमाची जुनी गाठ होती. गाठीच्या वरचं लाकूड करडं, मेलेलं. जिवंत फांद्या सगळ्या गाठीच्या खालून आलेल्या. कुठल्यातरी कडक थंडीत कलम मेलं होतं आणि खालचा जंगली खुंट फुटून झाड झाला होता. त्याला जन्मात खुरमालू लागणार नव्हता.

"काय झालं, उस्ता?" कामियार म्हणाला. "झाडाची दया आली की काय?"

"माप घेतोय."

फख्रीखानूम चहा घेऊन आली. तबक खाली न ठेवता म्हणाली, "आधी रीत."

"घ्या. आईची हौस." त्याने कुऱ्हाड उचलली. धार पुढे होती. "काय रे, फुकटचं पाणी पितोस? तोडतो तुला."

पहिलाच घाव सालीत बसला. तबकातले पेले किणकिणले. ती माझ्याकडे बघत होती.

आता जामीन राहिलो तर ही बाई वर्षभर रोज त्या फांद्या न्याहाळणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हीच कुऱ्हाड. गप्प राहिलो तर पुढचा घाव.

त्याने हात पुन्हा वर नेला, तेव्हा मी मनगट धरलं.

"मी जामीन. पण फळाचा नाही."

"म्हणजे?"

मी गाठ दाखवली. जे होतं ते दोघांनाही सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवलं नाही.

कामियार हसला. "म्हणजे बाबांचं झाड कधीच गेलं. मग तर प्रश्नच मिटला. सोडा हात."

मी सोडला नाही. त्याचं मनगट तापलेलं होतं. तो तरुण, मी म्हातारा. त्याने झटका दिला असता तर मी हौदात पडलो असतो.

"मग इतकी वर्षं मी कुणाला पाणी घातलं?" फख्रीखानूमने विचारलं.

"मुळांना, खानूम. मुळं जिवंत आहेत."

"आणि जामीन कशाचा?"

"पानं फुटायच्या वेळी येऊन कलम बांधीन. ते जगेल याचा."

"नाही जगलं तर?" कामियार म्हणाला.

"तर मीच तोडीन."

त्याने आईकडे पाहिलं.  झाडाच्या आणि त्याच्या मध्ये ती कधी येऊन उभी राहिली, ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. कुऱ्हाड हळूहळू खाली आली. त्याने ती माझ्या हातात कोंबली.

"घेऊन जा. जामिनाकडेच राहू दे. तो हौद पण न्या, मासे पण. जाई तेवढी ठेवा."

तो घरात गेला, दार आपटून. मी हौद पुन्हा गाडीवर चढवायला लागलो. चहा कुणीच घेतला नव्हता. फख्रीखानूम सालीवरच्या घावावर बोट फिरवत होती.

"कलमाची काडी कुठल्या झाडाची आणाल?"

"गोड फळाची."

"गोड तर हवीच. पण पातळ सालीच्या फळाची आणा," ती म्हणाली. "जाड सालीची फळं कामियारच्या बाबांना आवडायची. मला कधीच नाही."