चार नोझल

करणने तपासणीच्या पंपाचं हँडल दाबलं. नोझलच्या तोंडातून बारीक फवारा उडायला हवा होता. त्याऐवजी डिझेलचा एक जाड थेंब लोंबला, हलला आणि भिकाच्या पायावर पडला.

"बघ. जीप नाय, गळका नळ चालवतोस तू."

भिका उकिडवा बसून बघत राहिला. जव्हारच्या नाक्यावरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजपुढे त्याची सवाऱ्या नेणारी जीप बॉनेट उघडं टाकून उभी होती. इंजिनात डिझेल फवारणारी बाकीची तीन नोझलही काढून फडक्यावर ठेवली होती, काजळीने काळीठिक्कर.

"तांब्याचे वॉशर नवे घालून हीच परत कसतो," करण चौथं नोझलही फडक्यावर ठेवून हात पुसत म्हणाला. "संध्याकाळी घेऊन जा. पण थेंब राहणार. सपाटीवर थंड इंजिन आज स्टार्ट धरेल, उद्या नाय. नायतर नवी टाक. नाशिकहून मागवायला लागतील. चार दिवस."

"तवर गाडी?"

"तवर गाडी माझ्या दारात. ये, तिच्याजवळ बस आणि मला चहा पाज."

भिका हसला नाही.

नोझल गळायला लागल्यापासून तो जीप उतारावरच उभी करायचा. उतारावर ढकलली की ती धरायची. दाभोसा गावाचा खालचा पाडा नदीकाठच्या सपाटीवर. तिथे एकदा इंजिन बंद पडलं असतं तर जीप तिथंच राहिली असती. म्हणून तो खाली जातच नव्हता. लोकच चढण चढून वर यायचे. म्हातारे, तापाने फणफणलेले, सगळे. कुणी कुरकुर केली नाही. कुरकुर करून काही मिळतं, हे या लोकांना कुणी कधी दिसूच दिलेलं नाही. निवडणुकीला गाड्या थेट पाड्यात उतरतात. बाळंतपणाला एकही उतरत नाही.

गेल्या साली लक्ष्याची बायको सरू त्या चढणीवर मध्येच बसली. मूल तिथंच झालं आणि रडलंच नाही. भिका वर गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.

आता सरूचे दिवस परत भरत आले होते. वॉशरवर भागवलं तर गाडी आज हाताशी, पण वरच. नवी नोझल टाकली तर गाडी तिच्या दारात. पण चार दिवसांनी.

"चार दिवसांत काय झालं तर?" त्याने विचारलं.

"मी मिस्त्री आहे, भगत नाय."

भिकाने फडक्यावरची चारही नोझल उचलली, क्षणभर तळहातावर धरली आणि भंगाराच्या डब्यात टाकून दिली.

"अरे, अरे! नमुन्याला तरी एक ठेव, शहाण्या!" करण डब्यात हात घालत ओरडला.

दुपारी भिका दुसऱ्याच्या जीपला मागे लटकून दाभोशाला गेला आणि चढण उतरून पाड्यात शिरला. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. अंगणात लक्ष्या एका लांब बांबूच्या गाठी कोयत्याने तासत होता. शेजारी पाड्यातलाच ढवळू एका घोंगडीची टोकं दोरीने आवळत होता. सरू दारात पाय पसरून बसली होती.

"लक्ष्या, गाडी चार दिवस नाय," भिका उभ्याउभ्याच म्हणाला. "नवी नोझल टाकतोय. मंग थेट इथं दारात आणीन. पण चार दिवस..."

"बरं केलंस," लक्ष्या म्हणाला. कोयता थांबला नाही.

"त्याच्या आतच पोटात दुखाय लागलं तर?"

"तर डोली हाय ना."

भिकाने बांबूकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं.

"तुझ्या गाडीच्या भरवशावर कोण बसलंय, भिकादादा?" सरू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पोराची समजूत घालावी तसं ती बोलली. "दोनदा वर नेऊन आणलं मला. तालीम करतात. काल या ढवळ्यानं आपटलीच असती."

"तू जड झालीस, त्याला मी काय करू?" ढवळू म्हणाला. "मी उद्या चाललो वसईला कामावर. मंग बसा."

लक्ष्याने कोयता खाली ठेवला. "चार जण लागतात. दोघं उचलायला, दोघं बदलीला. ढवळ्या गेला की तिघंच उरतो." त्याने पहिल्यांदाच भिकाकडे नीट, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुझी गाडी बंद, म्हंजे तू मोकळाच की."

भिकाने चपला काढल्या.

"पुढं हो," लक्ष्या म्हणाला. "आज तुझी तालीम. चढाला बुटका पुढं लागतो."

सरू एक हात पोटावर धरून बांबूला बांधलेल्या घोंगडीत बसली. बांबू खांद्यावर आला तसा भिका किंचित वाकला. मागे लक्ष्याने खांदा लावला.

"खरी येळ आली तर कुठवर न्यायचं?" भिकाने मान न वळवता विचारलं.

"वर रस्त्यावर. तिथं कुणाची जीप भेटली तर भेटली."

"नाय भेटली तर?"

"तर असंच, जव्हारपर्यंत."

भिकाने बांबू खांद्यावर थोडा आत सरकवला आणि पाऊल टाकलं.