दोघी बहिणींचा टोप

चुलीवर चढवलेले भांडे दुपारभर काय विचार करत असेल, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का, मित्रांनो? नसेल पडला, तर तुमचा दोष नाही. स्वयंपाकघरात येता तेव्हा तुम्ही भुकेलेले असता. मी मात्र उभे आयुष्य विचार करण्यात घालवले. मी एक जुना, तांब्याचा टोप आहे. डोक्यावर घालायचा नव्हे, रस्सा शिजवायचा.

मी राहतो ते बेट अगदी चिमुकले आहे. सकाळी धुके उतरले की भोवतालचा समुद्र वाफाळल्यासारखा दिसतो. तेव्हा मला वाटते, हा समुद्रही एक टोपच असावा. कोणीतरी तो मंद आचेवर ठेवला आहे आणि आमचे बेट त्यात कांद्याच्या फोडीसारखे तरंगते आहे. ढवळणारा ढवळायचे विसरून गेला, म्हणून आम्ही अजून जागच्या जागी आहोत.

माझा जन्म समोरच्या किनाऱ्यावरच्या गावात झाला. तिथे भांडी घडवणाऱ्यांची एक गल्ली होती. मी आधी नुसता पत्रा होतो, सपाट आणि अडाणी. कारागिराने मला तापवले, निववले, पुन्हा तापवले आणि ठोकून ठोकून गोलाई दिली. ते ठोके दुखले असतील. आता मला त्यांचा फक्त ताल आठवतो. माझ्या अंगावर त्यांच्या खुणा आहेत, माशाच्या खवल्यांसारख्या.

मला घ्यायला बेटावरच्या एकुलत्या एका खानावळीचे मालक आले. सोबत त्यांच्या दोन लहान मुली होत्या. परतताना होडीत जागा नव्हती, म्हणून त्यांनी दोघींना चक्क माझ्या पोटात बसवले. थोरलीने माझा काठ घट्ट धरला होता आणि धाकटी तिच्या कुशीत शिरून वर आभाळ बघत होती. माझ्यात शिजलेला पहिला पदार्थ म्हणाल, तर त्या दोघींचे हसणे.

त्यानंतर माझे कामाचे दिवस सुरू झाले. खानावळ म्हणजे एक ओटा, समुद्राकडे उघडणारी खिडकी आणि पलीकडच्या खोलीत मोजकी टेबले. तिथे एकच पदार्थ मिळे: रस्सा आणि भात. पण रस्सा रोज वेगळा. सकाळी जाळ्यात जे सापडेल ते माझ्यात पडायचे. कधी जाड पाठीचा मासा, कधी मूठभर शिंपल्या, कधी नुसतेच डोक्यांचे आणि शेपट्यांचे पाणी. वर खडकांच्या फटीत उगवणारा आंबट पाला. हा पाला वाऱ्यावर वाढतो आणि त्याला वाऱ्याचीच चव असते, असे मालक म्हणत. दुपारची बोट लागली की पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसे सहकुटुंब जेवायला यायची. बोटीवरून उतरतानाच त्यांची नाके वर व्हायची. मी ते खिडकीतून बघायचो आणि मनातल्या मनात फुगायचो.

मालक वारले आणि खानावळ मुलींच्या हाती आली. तोवर दोघी मोठ्या झाल्या होत्या. थोरली वडिलांसारखीच शांत, कमी बोलणारी. रस्सा होत आला की ती माझ्यावर वाकायची, वाफ तोंडावर घ्यायची आणि डोळे मिटायची. त्या घटकेला तिचा चेहरा झोपलेल्या बाळासारखा दिसायचा. धाकटीचा जीव एका जागी ठरायचा नाही.

"ताई, एकच रस्सा किती दिवस वाढायचा?" एकदा भर दुपारी, माणसे जेवत असतानाच धाकटी म्हणाली. "लोकांना चार पदार्थ लागतात. आपण मासे तळू, भजी करू."

"बाबांच्या खानावळीत तळणीचा वास यायला नको," थोरली म्हणाली.

"बाबांच्या! आणि माझे कोण होते गं ते?"

थोरली पुन्हा चुलीकडे वळली. ती मला ढवळत राहिली. उत्तर दिले असते तर भांडण झाले असते आणि मिटलेही असते. धाकटीने कमरेचा फडका सोडला, खुंटीला अडकवला आणि ती निघून गेली. पुढच्या महिन्यात बेटाच्या दुसऱ्या टोकाला, दीपगृहाखाली, तळलेल्या माशांची एक टपरी उभी राहिली.

धक्क्यावरून आता दोन पायवाटा फुटल्या: डावी रश्श्याकडे, उजवी तळणीकडे. वारा फिरला की तळणीचा वास आमच्या खिडकीत यायचा. थोरली खिडकी लावून घ्यायची. पण आधी क्षणभर थांबून तो वास ओढून घ्यायची. हे फक्त मला माहीत आहे.

दोघींमध्ये दुवा उरला तो एकच. तो म्हणजे बोटवाला. त्याच्या बोटीचा भोंगा कधीचा बिघडला होता. धुक्यात धक्का जवळ आला की तो स्वतःच तोंडाने भोंग्यासारखा ओरडायचा, म्हणून सगळे बेट त्याला भोंग्याच म्हणे. त्याचे कुजबुजणेसुद्धा चार घरे ऐकायची. तो दुपारी आमच्याकडे जेवायचा आणि संध्याकाळी धाकटीकडे तळलेला मासा खायचा. थोरली विचारायची, "दीपगृहाकडे छप्पर गळत नाही ना?" छपराला काय धाड भरली होती! भोंग्या समजून म्हणायचा, "छप्पर ठणठणीत आहे. जरा बारीक झालंय, एवढंच."

अशी कित्येक वर्षे गेली. मग एका हिवाळ्यात थोरलीला ताप आला. आठवडाभर खानावळ बंद राहिली. ती उठली, चूल पेटवली, मला वर चढवले. रस्सा होत आला, तशी ती माझ्यावर वाकली. वाफ तिच्या चेहऱ्याला लागली. पण तिचे डोळे मिटले नाहीत. उघडेच राहिले. तिने पुन्हा वाकून पाहिले. मग चमच्याने रस्सा तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

तिला वास येईनासा झाला होता, मित्रांनो, आणि वासाबरोबर चवही गेली होती.

तिने कोणालाच सांगितले नाही. हाताच्या सवयीने ती रांधत राहिली. पण हाताचा भरवसा सुटला की हातही घाबरतो. मीठ टाकले की नाही हे आठवेना, म्हणून ती पुन्हा टाकायची. पाला कधी इतका पडायचा की माझ्याच अंगावर काटा यायचा. बाहेर माणसे निमूट जेवायची. ती विचारायची, "कसं झालंय?" आणि सगळे म्हणायचे, "छान झालंय हो." हळूहळू बोटीवरून उतरणारे पाय उजव्या वाटेला वळू लागले. टेबले रिकामी राहू लागली. उरला फक्त भोंग्या. एवढा बोलभांड माणूस, पण जेवताना तोंडाला कुलूप. घास घ्यायचा, पाणी प्यायचा. घास घ्यायचा, पाणी प्यायचा.

एके दिवशी थोरली त्याच्यासमोर येऊन बसली.

"भोंग्या, ही पाण्याची दुसरी कळशी. खरं सांग, कसं झालंय?"

"छान झालंय."

"माझ्याकडे बघून सांग."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "अगं, समुद्र पितोय मी रोज." आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका बारीक झाला की मलाही कान द्यावा लागला.

थोरली रडली नाही. "मला काहीच लागत नाही रे," ती म्हणाली. "तोंडात ओला कापूस कोंबल्यासारखं झालंय. आणि तू गिळत राहिलास! एकदा तोंड उघडायचंस ना."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटतंय?"

त्याच दिवशी तिने चूल विझवली. मला मागच्या अंगणात नेऊन ठेवले आणि दार लावून घेतले.

मग मी एकटाच पडून राहिलो. पाऊस माझ्यात साचला आणि आटला. अंगावर हिरवी पुटे चढली. शेजारच्या कोंबडीने माझ्यात गवत आणून घर केले आणि अंडी घातली. मी रागावलो नाही. ऊब ती ऊबच. रात्री ताऱ्यांकडे बघत मी जुन्या वाफा आठवायचो. कधी कधी वाटायचे, बेट सुटले आहे आणि आम्ही हळूहळू कुठेतरी वाहत चाललो आहोत, मी, कोंबडी आणि बंद दाराआड थोरली.

कोणाला सांगू नकोस, अशी थोरलीने भोंग्याला शपथ घातली होती. त्याने पाळली बिचाऱ्याने. पण धाकटीने विचारले, "ताई हल्ली धक्क्यावर दिसत नाही, बरी आहे ना?" तेव्हा त्याने तिच्या कानात फक्त "मी काही सांगणार नाही" एवढेच म्हटले, तेही इतक्या मोठ्याने की धक्क्यावरची माणसे गोळा झाली. त्याचा चेहरा बघून धाकटी काय ते समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या अंगणात उभी होती. केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या. थोरली दारात आली. दोघी बराच वेळ एकमेकींकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या.

"टोप न्यायला आलेय," धाकटी म्हणाली. "इथे नुसता पडलाय."

"हात तर लावून बघ."

धाकटीने हात लावला. कोंबडी फडफडत तिच्या अंगावर आली आणि धाकटी किंचाळून थेट थोरलीच्या मागे जाऊन लपली. थोरलीने कोंबडीला हुसकले, मग मागे वळून बहिणीच्या केसांतले पीस काढले. एवढेच झाले. पण पीस काढायला इतका वेळ लागत नाही, मित्रांनो.

"कल्हई पार गेलीय याची," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "यात शिजवलंस तर विष होईल. मी पलीकडून करून आणते."

"तुला कल्हईतलं काय कळतंय? मी येते."

अंडी पदरात काढून घेतली गेली आणि मी पुन्हा होडीत बसलो. धुके इतके दाट होते की पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते दिसत नव्हते. दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि दोघींनी एकेक कडी धरली होती. पलीकडचा धक्का जवळ आला तसा भोंग्या तोंडाने भोंगा वाजवू लागला.

कल्हईवाल्याने मला निखाऱ्यांवर तापवले, कापसाने कथील फिरवले आणि माझ्या आत चांदणे पसरत गेले. दोघी वाकून बघत होत्या. माझ्या तळात त्यांचे दोन चेहरे अस्पष्ट, एकमेकांत मिसळलेले दिसत होते.

घरी आल्यावर चूल पेटली. "मला जमणार नाही," थोरली म्हणाली. "वास येत नाही, चव लागत नाही."

"तू कर. मी चाखते आणि सांगते."

"काय सांगशील?"

धाकटीने चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. "आता ओहोटी आहे," ती म्हणाली. "खडक नुसते उघडे पडलेत. मीठ घाल. हं, पाणी चढतंय... चढतंय... थांब! आता पाला. वारा सुटू दे जरा. बास गं, वादळ नको!"

थोरली ऐकत होती आणि तिचे हात त्या शब्दांमागून चालत होते. त्या दिवशी भोंग्याने एक तांब्या पाणीही मागितले नाही.

मग रोजचे तेच झाले. दुपारी इथे रस्सा, संध्याकाळी दीपगृहाखाली तळण. दोन्हीकडे दोघी. भांडणे बंद झाली असे समजू नका. उलट आता समोरासमोर होऊ लागली. माणसे पुन्हा डाव्या वाटेला वळली. थोरलीची चव मात्र परत आली नाही. तिने तिची वाट बघणेच सोडून दिले होते.

आणि मग एक साधीच दुपार. माझ्यात कांदा परतायला टाकला होता. धाकटी ओट्यापाशी मासे धूत होती. थोरली खिडकीशी उभी होती. अचानक तिने मान वळवली.

"काहीतरी करपतंय."

धाकटी ओरडली, "अगंबाई, कांदा!" आणि फडके घेऊन धावली. माझ्या कडीला हात घालणार तोच ती थबकली. तिने बहिणीकडे पाहिले.

"ताई, तुला कसं कळलं?"

थोरली जवळ आली. माझ्यातून काळा, कडवट धूर निघत होता. ती त्या धुरात वाकली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि तिने डोळे मिटून घेतले. धाकटीने मला खाली उतरवलेच नाही. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या आणि कांदा निवांत जळून कोळसा झाला. मला चटके बसत होते. पण त्या दिवशी मीही हूं की चूं केले नाही.

भोंग्या जेवायला आला. त्याला त्याच करपलेल्या कांद्याचा रस्सा वाढला. थोरलीने विचारले, "कसं झालंय?"

"करपलंय!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. दोघी हसता हसता खाली बसल्या.

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. कुठेही जेवायला बसलात, घरी किंवा दारी, की रांधणारीला दोन खरे शब्द सांगा. चांगले झाले असेल तर तसे, बिघडले असेल तर तसे, पण माया ठेवून सांगा. निमूट गिळू नका. आम्हा भांड्यांनाही वेळच्या वेळी घासा, कल्हई करा, अंगणात टाकून देऊ नका. माझ्या तळाशी मात्र त्या दुपारचा एक काळा डाग आहे. दोघींनी तो मुद्दाम ठेवला आहे. कधी या बेटावर आलात आणि हौसेने मला घासायला बसलात, तर तेवढी जागा सोडून घासा.